दारूतून काढलेला उजेड

हिवाळे सर, जनरेटरच्या खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. प्राचार्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, आतलं सामान कधी हलवायचं ते कळवा." मी "हो" म्हटलं. कळवलेलं नाही आणि इतक्यात कळवणारही नाही. पण ते नंतर. आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे.

तुमच्या-माझ्यात ही काही नवी गोष्ट नाही. मी रसायनशास्त्राची, तुम्ही भौतिकशास्त्राचे. आपली टेबलं स्टाफरूममध्ये ज्यानं समोरासमोर लावली, त्याला कॉलेजच्या शांततेचं काही पडलेलं नसावं. मी नाशिककडून बुलढाण्याला रुजू व्हायला आले तेव्हा मलकापूरला रेल्वेतून उतरून एसटीनं राजूरचा घाट चढताना मनाशी ठरवून टाकलं होतं की एखादं वर्ष काढायचं आणि दुसरीकडे बघायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही समोरून म्हणालात, "मॅडम, काऊन एवढ्या चिडून राह्यल्या? हवा थंड आहे इथली. टिकून जासान." मला राग आला. मग मी टिकून गेले. आता केस पांढरे झाले आणि समोरच्या टेबलावर कुणीतरी परीक्षेचे गठ्ठे आणून ठेवलेत. ते गठ्ठे मी रोज उचलून खाली ठेवते, आणि शिपाई रोज उचलून वर ठेवतो.

तो मोडका ओव्हन तुम्ही आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. धामणगाव बढेच्या एका दुरुस्तीवाल्यानं दार तुटलं म्हणून भंगारात टाकलेला मायक्रोवेव्ह ओव्हन तुम्ही मोटरसायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून आणला होता. अर्धा स्टाफ खिडकीत जमला. कुणीतरी विचारलं, "सर, पापड भाजता काय आता?" तुम्ही सुतळी सोडत म्हणालात, "नाही बे. दारूचे तुकडे करतो."

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा विनोद. तसा तो नव्हता, हे कळायला मला बराच काळ लागला.

तुमची कल्पना कागदावर मला लगेच पटली होती, हे मी तुम्हाला कधीच कबूल केलं नाही, ते आज करते. ओव्हनच्या पोटातला मॅग्नेट्रॉन लहरी तयार करतो. त्या लहरी अन्नावर सोडण्याऐवजी पत्र्याच्या एका चौकोनी नळकांड्यातून काचेच्या नळीवर सोडायच्या. नळीत वेल्डिंगवाल्याकडचा आरगॉन वायू भरायचा. लहरी अशा एकवटल्या की वायू पेटल्यासारखा उजळतो, त्याला प्लाझ्मा म्हणायचं. आणि त्या उजेडात अल्कोहोलची वाफ सोडली की तिचे कण फुटून त्यातून हायड्रोजन मोकळा होतो. हायड्रोजन जळला की मागे पाणी उरतं. मोठ्या संस्थांमध्ये लोक हे करतात, तुम्ही ते वाचलं होतं. आपल्याकडे मोठी संस्था नव्हती. आपल्याकडे जनरेटर भंगारात गेल्यामुळे रिकामी झालेली एक खोली होती आणि प्रयोगशाळेसाठी परवान्यावर मिळणारं स्पिरिट होतं. ते माझ्या कपाटात, माझ्या कुलपात असायचं, त्यामुळे माझ्याशिवाय तुमचं पान हलत नव्हतं. या गोष्टीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

पहिली काचेची नळी वितळून वाकली. दुसरीही वाकली. तुम्ही वाकलेल्या नळ्या खिडकीच्या गजाला टांगून ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात, "हे पाहा, आपली प्रगती." शेवटी मी माझ्या विभागातली क्वार्ट्झची नळी काढून दिली. उसनी म्हणून दिली होती सर. अजून परत आलेली नाही.

लहरी बाहेर फुटू नयेत म्हणून मी हट्टानं सगळ्याभोवती जाळी लावायला लावली. तुम्ही गावातून गहू चाळायच्या मोठ्या चाळण्या आणल्यात आणि त्यांच्या जाळ्या कापून पिंजरा केलात. तो गळतो की नाही हे बघायला तुमच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. तुम्ही टेस्टरमधला इवलासा निऑनचा दिवा काढून लांब काठीला बांधला आणि पिंजऱ्याभोवती आरती ओवाळल्यासारखा फिरवलात. दिवा जिथे लुकलुकला तिथे आणखी जाळी लागली. माझ्या घरी हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

आणि मग ती दुपार. सत्राच्या परीक्षा संपल्या होत्या, कॉलेज रिकामं होतं, आणि लाईट जाऊन-येऊन होती. ठिणगी पडावी म्हणून तुम्ही पेन्सिलीतलं शिसं नळीत सरकवलंत, पत्र्याच्या नळकांड्याचं मागचं सरकतं झाकण एका हातानं मागेपुढे करत राहिलात, आणि एकाएकी नळीत जांभळा उजेड उभा राहिला. मी दारापाशी उभी होते. मग तुम्ही स्पिरिटची वाफ सोडलीत आणि जांभळ्याचा हिरवा झाला. पांढुरका, डोळ्यांत खुपणारा हिरवा. तसा रंग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मी ओरडले, "सर, हायड्रोजन!"

तुम्ही म्हणालात, "मॅडम, दारू गेली."

पुढे दर वेळी तुम्ही हेच म्हणायचात. परीक्षानळीत वायू धरून तोंडाशी काडी नेली की 'पट्' असा आवाज व्हायचा, मला त्याचाच आनंद. तुम्हाला त्या आवाजाशी फारसं देणंघेणं नसायचं. तुम्ही बाटलीतली पातळी बघायचात. ती किती खाली गेली ते बघून मान हलवायचात आणि म्हणायचात, दारू गेली.

आता भांडणं. पहिलं भांडण विजेचं. मी म्हणायचे, "सर, तुम्ही एवढी वीज घालता आणि एवढासा वायू काढता. त्यापेक्षा तेच स्पिरिट सरळ दिव्यात जाळा, जास्त ऊब मिळेल." तुम्ही म्हणायचात, "जाळाले त कोणालेही येते." मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणायचात, "हावना, नाहीच हे उत्तर." आणि कामाला लागायचात. समोरचा माणूस लगेच कबूल झाला की भांडणाची मजा जाते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

दुसरं भांडण पाण्याचं. नळी सारखी काजळीनं काळी व्हायची. मी म्हणत होते, स्पिरिटच्या वाफेत थोडी पाण्याची वाफ घाला, पाणी त्या काजळीला धरेल, नळी स्वच्छ राहील आणि हायड्रोजनही जास्त निघेल. तुम्ही म्हणत होता, पाण्यानं प्लाझ्मा विझतो. विझायचा खरा. पण तुम्ही पाणी ओतायचातही असं की वणवा विझवायला निघालात. थेंबाथेंबानं घाला म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "दारूत पाणी कालवणारे लय पाह्यले मॅडम मी." या वादाचा निकाल लागला नाही.

फुटबॉलच्या ब्लॅडरची गोष्ट मी आजही वर्गात सांगते. वायूत नक्की किती हायड्रोजन आहे हे मोजायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत नमुना न्यायचं ठरलं. नमुना कशात न्यायचा? तुम्ही क्रीडा विभागातून ब्लॅडर मागून आणलंत, फुगवलंत, आणि आपण दोघं ते मांडीवर घेऊन एसटीत बसलो. आज विचार केला की अंगावर काटा येतो. कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, हे काय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "वारं." तो म्हणाला, "इथं कमी हाय काय?" चिखली गेली, जालना गेलं, आणि तुमच्या मांडीवरचं ब्लॅडर हळूहळू मऊ पडत गेलं. हायड्रोजन रबरातून निसटतो हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पेपरात विचारते. आणि मी स्वतः त्या ब्लॅडरशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते. प्रयोगशाळेतल्या मुलीनं तपासून सांगितलं की यात मुख्यतः हवाच आहे. परतीच्या बसमध्ये तुम्ही इतके हसलात की पुढच्या सीटवरच्या आजी वळून वळून बघायला लागल्या. ते हसू मला हवं आहे सर. बाकी सगळं असंच असू दे, ते एवढं परत हवं होतं.

एकदा नळी धुताना तुम्ही बोललात. मी विचारलं नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं की स्पिरिटच्या वासानं माझं डोकं चढतं. तुम्ही म्हणालात, "आमच्या घरी दिवा लागाच्या आधी हा वास येत होता." मग तुमच्या वडिलांचं सांगितलंत, थोडक्यात, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. दारूनं ते लवकर गेले. त्यानंतर माय, तुमची आई, वस्तीतल्या बायांना घेऊन ओढ्याकाठच्या हातभट्टीवर गेल्या आणि मडकी फोडली. पुढे गावातलं परवान्याचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, मत द्या म्हणून त्या घरोघर फिरल्या, आमच्या घरात बाटली उभी राहिली आणि माणूस आडवा झाला, आता बाटली आडवी करा, असं सांगत. दुकान बंद झालं. देऊळघाटच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात अजूनही लोक त्यांना वाकून जयभीम घालतात, ते त्यासाठी.

"म्हणून मी म्हनतो मॅडम," तुम्ही नळी पुसत म्हणालात, "असं काही झालं पाहिजे का त्या वासाचं काईच उरलं नाही पाहिजे. कोनी पुन्हा जोडू म्हटलं तरी जुडली नाही पाहिजे."

त्या दिवसापासून मी विजेचा हिशोब तुम्हाला पुन्हा विचारला नाही.

पण दुसरी एक गोष्ट विचारली, आणि तेच आपलं तिसरं भांडण. मी म्हटलं, "मायना सांगितलंत का, तुम्ही इथे काय करता ते?"

"नाही."

"का नाही? त्यांच्याइतका आनंद कुणाला होणार आहे?"

"तिच्या कानावर त्या बाटलीचं नावही नाही पडलं पाहिजे. मी सांगेन का माय, मी दिवसभर दारूत हात घालून बसतो? लाईटचे प्रयोग करतो म्हून सांगतो. खोटं आहे काय?"

"अर्धवट आहे."

"पूर्ण झालं का सांगतो. एक दिवस हितं आणतो तिले, या ज्योतीवर चहा करून पाजतो, अन् मंग सांगतो." निघालेला वायू खोलीत साठू नये म्हणून आपण तो तोटीवर जाळून टाकायचो, त्याची ती बोटभर निळसर ज्योत. तिच्यावर चहा! मी म्हटलं, तोवर मी रिटायर होईन. तुम्ही म्हणालात, "मंग तुमाले बी कपभर ठेवतो." किती वेळा मी म्हटलं, सर, सांगून टाका. किती वेळा तुम्ही म्हणालात, पूर्ण होऊ द्या. तुमचं प्रेम असं होतं, आधी सगळं नीट मांडायचं आणि मगच दार उघडायचं. मला ते आवडायचं, आणि त्याचाच आता संताप येतो.

कारण तुम्ही घरी जाताना कसे दिसायचात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तुमचं काम माहीत होतं म्हणून त्यात काही वाटायचं नाही. शर्टाला स्पिरिटचा वास. त्या प्लाझ्माकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसल्यामुळे डोळे लाल, वेल्डरचे होतात तसे. काळा चष्मा घाला म्हणून मी घसा कोरडा केला, तर म्हणे, "चष्म्यातून हिरवं दिसत नाही." घरी जायला उशीर. आणि प्रयोग जमलेला असला की मोटरसायकलवर मोठ्यानं गाणं. एकदा तर फ्लास्क फुटून सगळं स्पिरिट तुमच्या अंगावर आलं. मी म्हटलं, सर, कपडे बदलून जा. तुम्ही म्हणालात, "रस्त्यानं वारं लागते, उडून जाते वास." आणि गेलात तसेच.

त्यानंतरच कधीतरी चहा पिता पिता तुम्ही म्हणाला होता, "माय आताशा माह्या आधीच जेवून घेते. ताट झाकून ठेवते अन् झोपते. पहिले दारात उभी राहे. वय झालं तिचं." मी म्हटलं, हो, वयानं होतं असं. बिस्किट पुढे केलं. आपण पुन्हा पाण्याच्या वाफेवर भांडायला लागलो.

मग तुम्ही गेलात. सकाळी, अंगणात, गाडी पुसता पुसता. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

पुण्यानुमोदनाला मी आले होते. अंगणात मांडव, पांढरी वस्त्रं, बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या, आणि बाजूला तुमचा तो ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवलेला, ज्यात तुम्ही स्वतःसारखे दिसतच नाही. माय पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. सगळे मागून म्हणत होते, आणि सगळ्यांच्या वर मायचा आवाज होता. या वयातही काय खणखणीत आवाज आहे हो त्यांचा. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला तो आवाज थांबला. एकदम. बाकीच्यांनी ते शील म्हटलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि माय ओठ मिटून खाली जमिनीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

जेवणं झाल्यावर लोक पांगले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, तुमी त्याच्याजोळ असत होत्या. खरं सांगजा. लय पेत होता काय तो?"

सर, मी हसले. पुण्यानुमोदनाच्या मांडवात, तुमच्या फोटोसमोर, मला हसू फुटलं, आणि ते बंद व्हायच्या आधीच रडू आलं. त्या बघत राहिल्या. मी म्हटलं, "माय, त्यांनी एक थेंब कधी तोंडाला लावला नाही."

"तुमी त्याच्या दोस्त आहा. तुमी झाकसानच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्या सारी जिंदगी त्या वासासंगं काढली बाई. मले कोन फसवते? बापाचाच वास येत होता त्याले. डोळे तसेच लाल. गानं म्हनत येनं तसंच. म्या काई म्हटलं नाई. म्हटलं, बाप तं मारहाण करे, हा तं गुमान जेवून झोपते, नोकरी करते. पन माह्याच्यानं त्याच्यासमोर बसून जेवनं होत नव्हतं. गावाची बाटली आडवी केली म्या, अन् माह्या घरात उभी राह्यली. कोनाले सांगू?" मग तुमच्या फोटोकडे बघून, "त्याच दारूनं नेलं त्याले. बापासारखं."

तुम्ही त्यांना त्या वासापासून वाचवत होता. आणि त्या तो वास गिळून तुम्हाला वाचवत होत्या, लोकांपासून, बोलण्यापासून. एकाच घरात, ताटावरच्या झाकणाच्या दोन बाजूंना बसून. मी तुम्हाला म्हटलं होतं सर. म्हटलं होतं, सांगून टाका. हे भांडण मी जिंकले आहे आणि मला ते जिंकायचं नव्हतं.

तिथे मी खूप बोलले. हायड्रोजन, प्लाझ्मा, परवाना, सगळं. त्या ऐकत होत्या आणि विश्वास ठेवत नव्हत्या. शिकलेली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "माय, तुम्ही माझ्याबरोबर कॉलेजात चला. मी दाखवते."

म्हणायला म्हटलं. पण प्लाझ्मा मी एकटीनं कधी पेटवला होता? तो तुमचा प्रांत. मी वाफ, नळ्या, बाटल्या सांभाळायची. आणि नाही पेटला तर? तर एका म्हाताऱ्या बाईला मी स्पिरिटच्या वासाच्या खोलीत नेऊन उभं करणार होते आणि तिची खात्रीच पटवून देणार होते की लेक याच खोलीत बसून पीत होता.

काल दुपारी तुमच्या बहिणीनं मायना रिक्षानं आणून सोडलं आणि ती बाजारात गेली. खोलीत आल्याबरोबर माय दारातच थबकल्या. खिडक्या मी सकाळपासून उघड्या ठेवल्या होत्या, तरी. मी बाटलीचं बूच काढून त्यांच्यासमोर धरलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? त्यांनी पदर नाकाला लावला. "हाच," म्हणाल्या. "हाच वास." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईनं बूच लावून टाकलं.

त्यांना तुमच्या स्टुलावर बसवलं, पिंजऱ्यापासून लांब. आरगॉन सोडला. शिसं सरकवलं. बटण दाबलं. ओव्हन घुमायला लागला आणि नळीत अंधार. झाकण पुढे केलं, मागे केलं. अंधार. पुन्हा सगळं बंद, पुन्हा सुरू. अंधार. घाम पुसताना मला तुमचा हात आठवला. तुम्ही झाकण सरकवताना नळीकडे बघायचातच नाही, तुम्ही त्या काठीवरच्या निऑनच्या दिव्याकडे बघायचात. मी कितीदा म्हटलं होतं, सर, बघता कुठे आणि करता काय! काठी तिथेच कोपऱ्यात होती. जाळीच्या एका फटीशी मी ती टेकवली. दिवा लुकलुकला. झाकण केसभर मागे घेतलं, दिवा मंदावला. लहरी आता बाहेर सांडत नव्हत्या, नळीत जात होत्या. आणखी केसभर.

जांभळा उजेड उभा राहिला.

मायना मी वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरायला दिली. "उघड्या डोळ्यांनी बघू नका, डोळे लाल होतात. सर ऐकायचे नाहीत."

त्यांनी काच खाली केली आणि माझ्याकडे वळल्या. "डोळे याच्यानं?"

"याच्यानंच."

मी वाफ सोडली. हिरवं झालं. बाटलीतली पातळी हळूहळू उतरायला लागली आणि पलीकडच्या तोटीवर मी ज्योत पेटवली, बोटभर, निळसर. मायनी काचेतून बघितलं, मग बाटलीकडे, मग ज्योतीकडे. त्यांना जे कळायचं ते मी न सांगता कळत होतं. दारू एका बाजूनं जात होती आणि दुसऱ्या बाजूनं दारू निघत नव्हती.

"रोज हेच करे?"

"रोज. आणि दर वेळी म्हणायचे, दारू गेली."

त्यांनी काच मांडीवर ठेवली. तुमच्या टेबलावर हात फिरवला, तिथल्या काजळीचा डाग बोटाला लागला तो पाहत राहिल्या. मग रिकाम्या भिंतीकडे तोंड करून, जणू तुम्ही तिथे उभे आहात असं, म्हणाल्या, "काऊन नाई सांगतलं रे बाप्पा? म्या तुह्यासंगं जेवली असती नं."

मी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

म्हणून मग मी स्टाफरूममधला आपला स्टीलचा पेला आणला, त्यात पाणी, साखर आणि चहापत्ती घालून तोटीच्या ज्योतीवर चिमट्यानं धरला. "सर तुमच्यासाठी करणार होते," म्हटलं. वाट बघता बघता नळी काळी पडायला लागली, तेव्हा मी वाफेत पाणी सोडलं, थेंबाथेंबानं. प्लाझ्मा विझला नाही सर. नळी तशीच स्वच्छ राहिली. मी सवयीनं मान वर करून समोर बघितलं, तुमचा चेहरा कसा झालाय ते बघायला.

चहा उकळला नाहीच. कोमट झाला, दूध नाही, पत्ती वर तरंगलेली. माय तो सगळा प्यायल्या. पेला खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि त्या हिरव्या उजेडासमोर पंचशील म्हणायला लागल्या. ओव्हनच्या घुमण्यावरून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मला ते शब्द पाठ नाहीत, पण आता मोजता येतात. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं.

पाचव्याला त्या थांबल्या नाहीत.